तापातला रिपोर्ट तापासकट वाच

अगं, रिपोर्ट हातात आला की तू आधी ठळक अक्षरांतले आकडे शोधतेस आणि मग रात्रभर झोपत नाहीस. काल व्हॉट्सअॅपवर तुझा फोटो आला आणि पाठोपाठ तीन मेसेज. "ताई, सीआरपी ६४ आलंय." "ताई, ते लिव्हरमध्ये तयार होतं म्हणे, माझं लिव्हर गेलं का?" आणि तिसरा, "अल्ब्युमिन पण कमी दाखवतंय." फोनवर मोकळं बोलावं तर तुझ्याभोवती सतत घरची माणसं असतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दुपारी सगळे पडले की निवांत वाच.

पहिली गोष्ट, तुझं लिव्हर गेलेलं नाही. ते आत्ता नेहमीपेक्षा जास्त राबतंय. त्या कागदावरच्या ज्या आकड्यांनी तुझी झोप उडवली, ते त्या राबण्याचे आहेत. आणि ज्या एका आकड्यापुढे लॅबनं 'नॉर्मल' लिहिलंय, तो बघून तू निश्चिंत झालीस; मला काळजी वाटली ती नेमकी त्याच आकड्याची. त्याच्याकडे मी येतेच, पण आधी हे सगळं घडतं कसं ते सांगू दे. एकदा समजलं की आयुष्यभर उपयोगी पडेल. तुला, तुझ्या पोरीला आणि सासूबाईंनासुद्धा.

डॉक्टरांनी तुला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग सांगितलाय ना? जंतू शिरले ते तिकडे खाली, आणि हालचाल झाली ती उजव्या फासळ्यांच्या आड, लिव्हरमध्ये. मधला निरोप कोणी नेला? जंतू जिथं घुसतात तिथं आपल्या पांढऱ्या पेशी, खास करून मॅक्रोफेज नावाच्या, त्यांना ओळखतात आणि काही बारीक प्रथिनं रक्तात सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातली तीन नावं लक्षात ठेव: इंटरल्यूकिन-६ म्हणजे आयएल-६, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ. मेंदूपर्यंत त्यांचा परिणाम पोचला की ताप चढतो, अंग मोडून येतं, जेवण नको वाटतं. तेच लिव्हरपर्यंत पोचले की लिव्हरच्या पेशी आपली रोजची कामं बदलतात.

या तिघांत लिव्हरवर सगळ्यात जास्त हुकूम चालतो तो आयएल-६चा. त्याचा शोध लागला तोही गमतीशीर. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांचा गट असं काहीतरी शोधत होता, की ज्यामुळे पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं बनवायला लागतात. १९८६ मध्ये त्यांना त्याचं जनुक सापडलं. दुसरीकडे कॅनडात जॅक गॉल्डी आणि त्यांचे सहकारी लिव्हरच्या पेशींना चेतवणाऱ्या एका घटकाच्या मागे होते. १९८७ मध्ये लक्षात आलं की दोघांचा घटक एकच. मग त्याला इंटरल्यूकिन-६ हे एकच नाव मिळालं.

आता लिव्हरच्या एका पेशीत काय होतं ते बघ. पेशीच्या पृष्ठभागावर आयएल-६ला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. आयएल-६ तिथं चिकटला की शेजारचं जीपी-१३० नावाचं प्रथिन जोडीला येतं, आतल्या बाजूची जॅक नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि ती स्टॅट-३ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटा तुकडा बसवतात. एवढ्यानं स्टॅट-३ पेशीच्या केंद्रकात शिरतं, डीएनएवर बसतं आणि ठरावीक जनुकं चालू करतं. सीआरपीचं जनुक त्यातलंच. इंटरल्यूकिन-१ दुसऱ्या वाटेनं येऊन त्यात भर घालतो, म्हणून दोघं मिळून सीआरपी एकट्या आयएल-६पेक्षा कितीतरी जास्त वाढवतात. फायब्रिनोजेन मात्र मुख्यतः एकट्या आयएल-६चंच ऐकतं. आणि हे बेलगाम चालत नाही बरं का. तेच स्टॅट-३ सॉक्स-३ नावाचं आणखी एक प्रथिन तयार करायला लावतं, आणि ते जाऊन जॅकला गप्प करतं. चालू करणाऱ्यानंच बंद करायची सोय आधी करून ठेवायची! मला तर दर वेळी वाचताना नवल वाटतं.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा दिसलं. आजार चढता असताना असायचं, रुग्ण बरा झाला की नाहीसं व्हायचं. जंतूंच्या किंवा मेलेल्या पेशींच्या अंगावर चिकटून ते त्यांच्यावर खूण करतं, मग त्यांची विल्हेवाट लावणं सोपं जातं. म्हणजे ते वाईट नाहीच, ते तुझ्या बाजूनं लढतंय. निरोगी माणसात लिटरमागे काही मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि मोठ्या संसर्गात शेकडो पटींनी वाढू शकतं.

याचं एक वैशिष्ट्य तुझ्या कामाचं आहे. सीआरपीचं अर्धायुष्य साधारण १९ तास, आणि माणूस ठणठणीत असो की आजारी, त्यात फरक पडत नाही. म्हणजे रक्तातला आकडा फक्त एकाच गोष्टीवर ठरतो, लिव्हर आत्ता किती बनवतंय यावर. संसर्ग झाल्यावर साधारण सहा तासांत ते वाढायला लागतं आणि दोनेक दिवसांत कळसाला पोचतं. निरोप थांबला की दर १९ तासांनी निम्मं. त्यामुळे एकच आकडा धरून बसण्यात अर्थ नसतो. औषध सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांनी ६४ चा २० झाला असेल तर औषध लागू पडलंय. ९० झाला असेल तर डॉक्टरांकडे परत जायचं, तेही त्याच दिवशी. आणि एक, पॅरासिटामॉलनं ताप उतरला म्हणजे आतली सूज उतरली असं समजू नकोस. अंग गार लागतं, लिव्हर मात्र कामातच असतं.

लिव्हरला खरोखर इजा झाली का हे बघायला वेगळ्या तपासण्या आहेत, एसजीपीटी, बिलिरुबिन वगैरे. तुझ्या त्या दोन्ही ठीक आहेत. उलट ज्यांचं लिव्हर अगदीच थकलेलं असतं, त्यांच्यात मोठा संसर्ग होऊनही सीआरपी म्हणावं तसं चढत नाही, कारण बनवणाराच अशक्त. तुझं ६४ पर्यंत गेलं, तेवढी ताकद त्याच्यात आहे.

ईएसआरही याच कुळातला. लिव्हर फायब्रिनोजेन जास्त सोडतं, त्यानं तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून चळत करतात आणि नळीत लवकर खाली बसतात. आजार सरल्यावरही ईएसआर बरेच दिवस वर राहतो. गरोदरपणात तर फायब्रिनोजेन एरवीच वाढलेलं असतं, तेव्हा पोटुशी बाईचा ईएसआर जास्त आला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

अल्ब्युमिन ३.१ का? लग्नघर आठव. मांडव पडला, आचाऱ्याची कढई चढली की घरचा रोजचा स्वयंपाक मागे पडतो. तसंच लिव्हर तापात सीआरपी, फायब्रिनोजेन, हॅप्टोग्लोबिन बनवायला लागतं तेव्हा अल्ब्युमिन आणि ट्रान्सफेरिन यांचं काम हात आखडून करतं. त्यात तापात बारीक रक्तवाहिन्या जरा झिरपतात आणि अल्ब्युमिन रक्तातून बाहेर जातं. अल्ब्युमिनचं अर्धायुष्य जवळपास तीन आठवड्यांचं असल्यामुळे पाच-सहा दिवसांतली घट मुख्यतः या झिरपण्याचीच असते. म्हणून कोणी "प्रोटीन पावडर आणा, अल्ब्युमिनची बाटली लावा" म्हणालं तर उगाच पैसे घालवू नकोस. संसर्ग हटला की आकडा आपसूक वर येतो. डाळ, दूध, अंडं, शेंगदाणे नेहमीसारखे खात राहा, एवढं पुरे.

आता मुद्द्याचं. हिमोग्लोबिन ९.४ आणि फेरिटिन ५८, नॉर्मल. ते वाचून तू लिहिलंस, "लोह तर भरपूर आहे, तापानं रक्त कमी झालं असेल." बाई गं, हे दोन्ही चुकीचं आहे.

आयएल-६ लिव्हरकडून आणखी एक प्रथिन बनवून घेतो, हेप्सिडिन. अवघ्या २५ अमिनो आम्लांचं, एवढंसं, पण शरीरातल्या लोहाचा सगळा कारभार त्याच्या हातात. आतड्याच्या पेशी अन्नातलं लोह घेतात. मॅक्रोफेज जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यातलं लोह काढतात. दोन्हीकडून लोह रक्तात यायला एकच वाट असते, फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनातून. हेप्सिडिन त्या फेरोपोर्टिनला चिकटतं आणि पेशी त्याला आत ओढून मोडून टाकते. झालं! लोह शरीरात आहे, पण पेशींत अडकलेलं. रक्तात ते येत नाही.

हे किती झटपट होतं ते नेमेथ, गँझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं. निरोगी स्वयंसेवकांना तीन तास शिरेतून आयएल-६ दिलं. त्यानंतर दोन तासांत लघवीतलं हेप्सिडिन सरासरी साडेसात पट झालं आणि रक्तातलं लोह एक तृतीयांशानं खाली आलं. शरीर असं का करतं? कारण जंतूंनाही वाढायला लोह लागतं. मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारण असतो तो ई. कोलाय तर लोह ओढून घ्यायला स्वतःचं खास रसायन बनवतो. त्याच्या तोंडचा घास काढून घेण्यासाठी शरीर लोह लपवतं. चार दिवसांच्या आजारात ही युक्ती उत्तम. पण सूज महिनोन्महिने राहिली, क्षयरोग, संधिवात, किडनीचा जुना विकार असा काही असला, की हाडांतल्या मज्जेला नव्या तांबड्या पेशी बनवायला लोह मिळत नाही. मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं, आणि अन्नातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच येतं. बाकी सगळं जुन्या पेशींतलं, तेच अडकून पडलेलं.

आणि फेरिटिन? ते लोहाच्या साठ्याचं माप आहे खरं, पण तेही सूज असली की वाढतं. म्हणून ताप असताना फेरिटिन खोटं समाधान देतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये स्पष्ट सांगितलंय: निरोगी प्रौढ व्यक्तीत फेरिटिन १५ च्या खाली असेल तर लोहाची कमतरता, पण संसर्ग किंवा सूज असेल तर ७० च्या खालीसुद्धा कमतरताच समजायची. तुझं ५८ आहे आणि सीआरपी ६४. लॅबच्या छापील रकान्यात ते 'नॉर्मल' बसलं, कारण मशीनला तुझा ताप माहीत नसतो.

तापानं रक्त कमी झालं हेही खरं नव्हे. तांबडी पेशी १२० दिवस जगते. सहा दिवसांच्या अशा तापानं हिमोग्लोबिन १२ वरून ९.४ वर येत नाही. मलेरिया तुला नाही, कुठून रक्तस्राव नाही. म्हणजे रक्त आधीपासून कमी होतं, पाळीत जास्त जाणं, दुसऱ्या बाळंतपणानंतर भरून न निघणं, आणि सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवणं. तू थकवा थकवा म्हणायचीस आणि आपण सगळे म्हणायचो, घरात काम फार.

तू एकटी नाहीस या बाबतीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्या मराठवाड्यात, तुळजापूरकडच्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या भागातल्या अभ्यासात १३ ते १७ वयाच्या मुलींत तर शंभरांत ८७. आपल्या पाचोडचं नाव या कामात जुनं आहे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट इथं कितीतरी वर्षं किशोरवयीन मुलींचं आरोग्य, त्यांचं पोषण, त्यांच्या लग्नाचं वय यावर काम करत आलीय. त्यांचे जीवनकौशल्यांचे वर्ग बाहेरच्या देशांतल्या अभ्यासकांनी नावाजले. आपल्याच गावात एवढं झालेलं असताना आपण बायकांनी स्वतःचं हिमोग्लोबिन तापाच्या निमित्तानं कळेपर्यंत थांबायचं, हे मला पटत नाही.

फेरिटिन सीआरपीसोबत वाचायचं ही माझ्या पदरची कल्पना नाही. २०१६ ते २०१८ दरम्यान देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली, सीएनएनएस नावाची. त्यात लोहाची कमतरता मोजताना ज्यांचं सीआरपी ५ च्या वर होतं त्यांचं फेरिटिन हिशेबातच धरलं नाही. सरकारी पाहणी जी काळजी घेते ती आपण आपल्या घरातल्या कागदासाठी का घेऊ नये?

मग तू काय करायचं? अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण कर, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नकोस. ताप जोरात असताना लोहाची गोळी सुरू करायची घाई नको. हेप्सिडिन चढलेलं असताना ती आतड्यातून फारशी आत जातच नाही, पोट तेवढं बिघडतं. ताप जाऊन सीआरपी खाली आलं की डॉक्टरांना विचारून सुरू कर. (गरोदर असतीस तर वेगळं, तेव्हा गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.) गोळी चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नकोच. आपल्याकडे मोसंबीला काय तोटा! पाचोडच्या बाजारातून ट्रकच्या ट्रक बाहेर जातात आणि घरच्या सुनेच्या वाट्याला एक फळ येत नाही. गोळीसोबत किंवा भाकरी-पालेभाजीसोबत मोसंबी खा, लिंबू पिळ. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला खरंच मदत करतं. जंताची गोळीही सहा महिन्यांनी घे. पोरीला शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते, ती घरी आणून फळीवर ठेवते की गिळते, ते बघ.

एक कळकळीनं सांगते. गावात ताप-अंगदुखीवर 'ताकदीचं इंजेक्शन' देणारे असतात. तासाभरात बरं वाटतं, म्हणून बायका रांग लावतात. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ते सायटोकाइनचा आवाज दाबतं, ताप-दुखणं पळतं, जंतू मात्र तिथंच वाढत राहतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, आपण हे सगळं फार जवळून पाहिलंय. घरोघर सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, आयएल-६ हे शब्द तोंडपाठ झाले होते आणि लोक टोसिलिझुमॅबसाठी शहरं पालथी घालत होते. ते औषध आयएल-६च्या रिसेप्टरवर बसून त्याचा लिव्हरला जाणारा निरोप अडवतं. ते दिल्यावर सीआरपी खाली येतं, रुग्ण बरा होत असो वा नसो. आकडा सुधारला म्हणून नातेवाइकांच्या जिवात जीव यायचा आणि आतला आजार वेगळंच काही करत असायचा. स्टिरॉइडनं त्या साथीत जीव वाचवले हे खरं, पण ते ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना, दवाखान्यात, नजरेखाली दिलं तेव्हा. टपरीवजा दवाखान्यात सहा दिवसांच्या तापाला नव्हे.

आणखी एक, तुझ्या नवऱ्यासाठी. ताप नसतानाही काही लोकांचं सीआरपी कायम थोडं वर राहतं. पोटावरची चरबीसुद्धा आयएल-६ सोडते आणि लिव्हर तिचंही ऐकतं. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासून चरबी, सूज आणि साखर यांचं हे नातं मांडलंय. भाऊजींचं पोट सुटत चाललंय, शेतात जाणं मोटारसायकलवर झालंय. त्यांचीही साखर तपासून घे, सकाळी उपाशीपोटी.

आता तारीख लिहून ठेव. गोळ्यांचा कोर्स संपून तीन आठवडे झाले की सीआरपी, फेरिटिन आणि हिमोग्लोबिन एकाच दिवशी, एकाच वेळी काढलेल्या रक्तात करून घे. सीआरपी ५ च्या खाली आलेलं असेल तर तेव्हाचं फेरिटिन खरं बोलेल. बहुतेक ते ५८ राहणार नाही, खूप खाली असेल, आणि तेव्हा घाबरायचं नाही. लोह किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, साधारण काही महिने लागतात. पाळीत किती जातं तेही त्यांना सांग, लाजू नकोस. सोबत कोणी नसेल तर मी येते.